पन्नाशी गाठण्याआधीच मोडीत

मुंबईत ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी एका काळ्या-पिवळ्या ‘प्रीमियर पद्मिनी’ची टॅक्सी म्हणून नोंदणी झाली. त्या जातीची ती अखेरची टॅक्सी ठरली. मुंबईत टॅक्सीचे आयुर्मान नियमाने वीस वर्षांचे. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी महानगराच्या रस्त्यावरून कायद्यानेच नाहीशी झाली. त्याआधी दीडच महिना, १५ सप्टेंबर २०२३ रोजी, बेस्टच्या डिझेलवर चालणाऱ्या जुन्या दुमजली बसनेही निरोप घेतला होता. मुंबईकर १९३७ पासून दुमजली बसच्या वरच्या मजल्यावरील पुढचे आसन पटकावण्यासाठी धावत आले होते. टॅक्सीचालकांच्या संघटनेने एक तरी पद्मिनी कोठेतरी जतन करावी, अशी विनंती केली. वृत्तपत्रांनी हळवे मथळे दिले, हौशी मंडळींनी छायाचित्रे काढून घेतली आणि चार दिवसांत शहर पुन्हा आपल्या कामाला लागले.

यात दोष कोणाला द्यावा असे काही नाही. वीस वर्षे रोज बारा-चौदा तास पळालेले यंत्र निवृत्त व्हायलाच हवे. शिवाय ज्या वाटेने आज देश निघाला आहे ती वाट विजेच्या वाहनांची आहे आणि ती योग्यच आहे. आपण आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल परदेशांतून आणतो. आखातात तोफ उडाली की येथील गृहिणीचे अंदाजपत्रक कोसळते, ही पराधीनता कोणत्याही स्वाभिमानी राष्ट्राने कायमची पत्करू नये. महाराष्ट्राने २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये विद्युत वाहनांसाठी धोरण आखले. त्याचे स्वागत करण्यात कोणाही राष्ट्रनिष्ठ माणसाला संकोच वाटण्याचे कारण नाही. यंत्राला नाके मुरडण्याची परंपरा या विचारधारेची नाहीच. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी यंत्रयुगाचे किती रोखठोक समर्थन केले, हे त्यांचे निबंध वाचणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

प्रश्न निराळाच आहे. विजेवरील वाहने येत असताना मागे उरलेल्या थोड्याशा जुन्या मोटारी चालत्या ठेवाव्यात की नाहीत? ठेवायच्या तर त्या कोणी, कशा आणि कोणत्या इंधनावर? हा श्रीमंतांच्या शौकाचा विषय आहे, असे म्हणून तो सहज बाजूला सारला जातो. जुनी मोटार म्हटली की डोळ्यांपुढे संस्थानिकांची रोल्स-रॉइस येते, पितळी दिवे येतात आणि रविवारच्या मिरवणुकीत फेटा बांधून बसलेले उद्योगपती येतात. त्या मोटारींची चिंता कोणी करण्याचे कारण नाही. त्यांना पैसा आहे, संघटना आहेत, अहमदाबादजवळ कठवाड्याला प्राणलाल भोगीलाल यांनी उभारलेल्या संग्रहासारखी निवाऱ्याची ठिकाणेही आहेत. चिंता करायची ती फियाटची, अ‍ॅम्बॅसडरची आणि त्यांच्यानंतर आलेल्या मध्यमवर्गीय मोटारींची. कारण स्वतंत्र भारताच्या उद्योगाचा इतिहास त्यांच्या पत्र्यावर लिहिलेला आहे.

सोलापूरच्या मातीतून वर आलेले वालचंद हिराचंद हे नाव आज शाळेतल्या मुलांना ठाऊक नसते. १९१९ मध्ये सिंधिया जहाज कंपनीच्या रूपाने त्यांनी इंग्रजांच्या सागरी मक्तेदारीला आव्हान दिले. १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला आणि विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा पाया घातला. मोटारीचा कारखाना हे त्यांचे तिसरे स्वप्न होते. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीही तीसच्या दशकात मोटार-उद्योगासाठी मोठी खटपट केली होती. परंतु येथे इंजिन घडावे, ही परक्या सरकारची इच्छाच नव्हती. त्या विरोधाला न जुमानता १९४४ मध्ये ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ स्थापन झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रथम अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने आणि पुढे इटलीच्या फियाटशी करार करून मोटारी बाहेर पडू लागल्या. तिकडे बंगालमध्ये बिर्लांच्या ‘हिंदुस्थान मोटर्स’ने उत्तरपाड्याहून १९५७ मध्ये अ‍ॅम्बॅसडर आणली. मूळची ती इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. कुर्ल्याच्या फियाट ११०० चे नाव सत्तरच्या दशकात प्रथम ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ झाले. चितोडच्या राणीचे नाव धारण करणारी ही मोटार जन्माने इटालियन खरी. पण या देशातील धूळ, खड्डे, पावसाळा आणि सहा माणसांचे कुटुंब पोटात घेण्याची सवय यांनी तिला पार भारतीय करून टाकले.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ च्या एप्रिलमध्ये मुंबईतच एकात्म मानववादावर व्याख्याने दिली. आपल्याकडे जे आहे ते युगानुकूल करावे आणि बाहेरून जे घ्यावे ते देशानुकूल करावे, असे सूत्र त्यांच्या विचारात आहे. परदेशी यंत्र देशानुकूल कसे होते, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. आणि ते करणारे हात कारखान्यातले जितके होते, तितकेच रस्त्याकडेच्या गॅरेजातले होते.

या गॅरेजाची थोरवी समजण्यासाठी त्या काळाची टंचाई आठवावी लागेल. त्या काळाला रम्य म्हणण्यात अर्थ नाही. परवान्यांच्या राज्यात मोटारीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत नाव टाकून बसावे लागे. मिळालेल्या मोटारीच्या दारातून पाणी गळे. स्पर्धाच नसल्याने कारखानदारालाही सुधारणेची निकड वाटत नसे. सुटे भाग मिळत नसत आणि मिळाले तर परवडत नसत. समाजवादी नियोजनाची ही देणगी होती आणि तिची आरती ओवाळण्याचे कारण नाही. परंतु त्या टंचाईतून एक विद्या जन्माला आली. लेथवर बुशिंग कातून देणारा कारागीर, हातोडी आणि ठोकळा घेऊन चेपलेल्या मडगार्डला मूळचा गोलावा आणणारा डेंटर, आसनाच्या स्प्रिंगा काथ्याने पुन्हा बांधणारा कुशनवाला, तुटलेला पाटा बदलणारा लोहार हे सारे त्या विद्येचे धनी. पुण्याच्या जुन्या बाजारातून किंवा मुंबईच्या चोर बाजारातून एखादा भाग शोधून आणायचा, तो नेमका बसत नसेल तर घासून बसवायचा आणि अजिबात मिळत नसेल तर घडवायचा, ही त्यांची रीत.

या मंडळींनी कोणत्याही विद्यापीठाची पायरी चढलेली नसे. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून कोणता व्हॉल्व्ह वाजतो आहे, हे मिस्त्री सांगत असे. सोलेक्स कार्ब्युरेटरची हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण तो इंजिनाच्या आवाजावरून जुळवी. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटांची फट मोजायला पट्टी नसली तर काडेपेटीच्या पुठ्ठ्याने काम भागवी. पद्मिनीचे १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन असे होते की उघडून पाहणाऱ्याला ते कळू शके. कार्यकारणभाव डोळ्यांनी दिसे. पेट्रोल कोठून येते, ठिणगी कोठे पडते, दट्ट्या कसा खाली जातो, हे दहा-बारा वर्षांचे पोर वस्तादाच्या शेजारी पाने धरून उभे राहता राहता शिकून जाई. ही शिक्षणपद्धती आपल्या परंपरेत नवी नाही. सुतारकाम, पाथरवटाचे काम, मूर्तिकला, वाद्ये बनवण्याची कला ही सारी अशीच हातातून हातात आली.

विद्युत वाहन ही साखळी तोडते, हे तटस्थपणे मान्य केले पाहिजे. विजेच्या मोटारीत हलणारे भाग फार थोडे. तेल बदलायचे नाही, प्लग साफ करायचा नाही, क्लच नाही, कार्ब्युरेटर नाही. ग्राहकाच्या दृष्टीने हे वरदानच आहे. परंतु जे बिघडते ते बहुधा सीलबंद पेटीत असते. बॅटरीसंच, नियंत्रक आणि संगणकीय आज्ञावली यांना हात लावायची मुभा फक्त कंपनीच्या केंद्राला असते. कोपऱ्यावरचा मिस्त्री बॉनेट उघडतो, नारिंगी रंगाच्या उच्च दाबाच्या तारा पाहतो आणि बॉनेट पुन्हा लावून टाकतो.

कायद्याची वयोमर्यादा

जुन्या मोटारींविषयी सरकार उदासीन आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी प्रथमच देशभर एकसारखे नियम केले. नोंदणीला पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांना ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला स्वतंत्र क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला २० हजार रुपये आणि फेरनोंदणीला ५ हजार रुपये शुल्क आहे. नोंदणी दहा वर्षे चालते. अशी मोटार प्रदर्शन, मिरवणूक, तांत्रिक संशोधन, देखभाल आणि इंधन भरणे अशा कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा व्यापारी वापरासाठी आणता येत नाही. ही अट रास्तच आहे. ‘फिवा’ ही ऐतिहासिक वाहनांची जागतिक संघटनाही वारसा-वाहन रोजच्या प्रवासाचे साधन नसावे, असेच म्हणते.

मात्र तीच संघटना वारसा-वाहनाचे किमान वय तीस वर्षे धरते. जर्मनीने १९९७ पासून तीस वर्षांवरील जपलेल्या मोटारींना ‘एच’ अक्षराची स्वतंत्र पाटी दिली आहे. ब्रिटनमध्ये चाळिशी ओलांडलेल्या मूळ स्वरूपातील मोटारीला पथकर माफ आहे आणि वार्षिक तपासणीतूनही सूट आहे. आपण मात्र पन्नासचा आकडा धरला. वरवर हा फरक दहा-वीस वर्षांचा दिसतो, पण खरा घोळ येथेच आहे. कोणतीही वस्तू पुरातन होण्याआधी तिला नुसते म्हातारे व्हावे लागते. विसाव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंतची तीस वर्षे मोटारीने कोठे आणि कशी काढायची, याचे उत्तर आपल्या नियमात नाही. त्या काळात ती कायद्याच्या दृष्टीने वारसा नसते, केवळ जुने वाहन असते.

जुन्या वाहनाबद्दलचे धोरण तर वेगळ्याच दिशेने चालले आहे. १३ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी वाहने मोडीत काढण्याच्या धोरणाचा प्रारंभ केला. ते धोरण खासगी मोटार केवळ वयामुळे भंगारात काढत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे, कारण त्याबद्दल बराच गैरसमज पसरवला गेला. मोटार योग्यता-तपासणीत नापास झाली तरच तिचे आयुष्य संपते. दिल्ली आणि परिसराची गोष्ट निराळी. तेथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये उचलून धरली आणि त्यानंतर २०२५ मध्ये अशा वाहनांना पंपावर इंधनच न देण्याचाही प्रयत्न झाला. लोकांच्या विरोधामुळे तो काही दिवसांतच थांबवावा लागला आणि वाद पुन्हा न्यायालयात गेला. देशाच्या उर्वरित भागांत बंदी नसली तरी शुल्क वाढते आहे. वीस वर्षांवरील मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण ऑगस्ट २०२५ पासून १० हजार रुपयांचे झाले.

एक साधा हिशेब मांडून पाहू. डिसेंबर १९९८ मध्ये टाटांनी ‘इंडिका’ आणली. तिच्या बाह्यरूपाला इटलीतील एका संस्थेचा हातभार लागला असला तरी संपूर्ण भारतीय म्हणवली जाणारी पहिली प्रवासी मोटार तीच. पुण्याजवळच्या कारखान्यात ती जन्मली. भारताच्या औद्योगिक स्वाभिमानाच्या इतिहासात तिचे स्थान मोठे आहे. १९९९ मध्ये नोंदलेली एखादी इंडिका पहिली पंधरा वर्षे २०१४ पर्यंत निर्वेध चालली. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत ती २०२४ पार करून आली असेल, तर आता तिला २०२९, २०३४, २०३९ आणि २०४४ असे आणखी चार उंबरठे ओलांडावे लागतील. तेव्हा कोठे २०४९ मध्ये ती ‘व्हिंटेज’ म्हणून सन्मानास पात्र होईल. बाजारात जिची किंमत हजारांत मोजली जाते, त्या मोटारीसाठी कोणता निवृत्त शिक्षक किंवा बँक कर्मचारी दर वेळी दहा हजार शुल्क आणि त्याच्या कित्येक पट दुरुस्तीखर्च करील? रोल्स-रॉइस हे उंबरठे सहज ओलांडते. इंडिका, मारुती ८०० आणि कुर्ल्याची शेवटची पद्मिनी दुसऱ्या-तिसऱ्या उंबरठ्यावरच कोसळतील. परिणाम असा की पन्नास वर्षांनंतरच्या संग्रहालयात संस्थानिकांनी लंडनहून मागवलेल्या मोटारी असतील आणि भारतीयांनी भारतात बनवलेल्या मोटारी नसतील. स्वातंत्र्यानंतरचा इतिहास सांगताना यापेक्षा लाजिरवाणे दृश्य कोणते?

मारुती कंपनीने १४ डिसेंबर १९८३ रोजी दिलेली पहिली ८०० परत मिळवून, दुरुस्त करून जपली आहे. तेवढी एक वाचली, ही समाधानाची गोष्ट. परंतु कंपनीच्या दालनात उभी असलेली एक मोटार आणि रस्त्यावर चालती असलेली शंभर मोटारी यांत देवघरातले तांब्याचे भांडे आणि काचेच्या कपाटातले तांब्याचे भांडे यांच्याइतका फरक असतो.

उसाचे पेट्रोल आणि जुने इंजिन

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे, कारण ती एका चांगल्या निर्णयातून उद्भवली आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे धोरण म्हणजे परकीय चलनाची बचत आणि ऊस उत्पादकाच्या हातात पैसा. वीस टक्के इथेनॉलचे इंधन फेब्रुवारी २०२३ मध्ये आले आणि २०२५ मध्ये ते देशभर रुळले. कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्याला विचारले तर या धोरणाचे मोल कळेल. ते मागे घ्या, असे कोणी शहाणा म्हणणार नाही.

पण साठ-सत्तरच्या दशकांतले इंजिन या इंधनासाठी जन्मलेले नाही, हेही तितकेच खरे. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. पावसाळ्यात चार महिने उभ्या असलेल्या मोटारीच्या टाकीत पाणी तळाशी बसते आणि पत्रा आतून गंजतो. जुन्या नळ्यांचे रबर फुगते, चिरते आणि गळू लागते. पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकणे म्हणजे आगीला आमंत्रण. कार्ब्युरेटरमधील जस्ताच्या मिश्रधातूवर पांढरी बुरशी धरते. काही फार जुन्या मोटारींत तरंगता गोळा बुचाचा असतो आणि त्यावर लाखेचा थर असतो. लाख मद्यार्कात विरघळते, हे रंगारीसुद्धा जाणतो. शिवाय इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांशाने कमी असल्याने जुन्या जेटमधून जाणारे मिश्रण पातळ पडते आणि इंजिन तापते. शिशाविरहित पेट्रोल २००० साली देशभर आले तेव्हाही जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकी झिजण्याचा प्रश्न आला होता. मिस्त्र्यांनी कठीण धातूच्या बैठकी बसवून तो सोडवला. इथेनॉलवरही इलाज आहेत. इंधनाच्या नळ्या मद्यार्काला दाद न देणाऱ्या कृत्रिम रबराच्या बसवाव्यात, जेट किंचित मोठे घ्यावे, टाकीला आतून लेप द्यावा आणि मोटार फार काळ उभी ठेवू नये. मात्र हे सारे करणारा जाणकार हात जवळ हवा आणि नेमके तेच हात कमी होत चालले आहेत.

ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वसाधारण केले, तेव्हा जुन्या वाहनांसाठी महागड्या प्रतीच्या पेट्रोलात पाच टक्क्यांचाच पर्याय चालू ठेवला. आपल्याकडे इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मिळावा म्हणून झालेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. न्यायालयाने धोरणात हात घातला नाही, हे योग्यच झाले. पण जे न्यायालयाने करायचे नसते ते शासनाने करायला हरकत नसते. प्रत्येक मोठ्या शहरात एका पंपावर, नोंदणीकृत जुन्या वाहनांपुरते, चढ्या दराने असे पेट्रोल मिळाले तर उसाच्या एका कांडीचेही नुकसान होणार नाही.

जुन्या मोटारीतले इंजिन काढून त्याजागी विजेची मोटर बसवावी, म्हणजे धूरही नाही आणि चिंताही नाही, असा एक पर्याय आवर्जून सुचवला जातो. ज्याला जुन्या आकाराची मोटार रोज वापरायची आहे त्याने तो जरूर स्वीकारावा. त्याला वारसा म्हणू नये इतकेच. मंदिराचा जीर्णोद्धार करताना गाभाऱ्यातली मूर्तीच बदलली तर उरतो तो दगडांचा मंडप.

धुराचा आक्षेप मात्र खरा आहे. त्याला भावनेने उत्तर देता येत नाही. जुन्या पेट्रोल इंजिनाला उत्प्रेरक शुद्धीकरण यंत्रणा नसते आणि ते नव्या मोटारीपेक्षा किलोमीटरमागे कितीतरी अधिक विषारी वायू सोडते. म्हणूनच अंतराची मर्यादा हवी. वर्षाकाठी ठरावीक किलोमीटरच धावणारी, मापयंत्राची नोंद दरवर्षी दाखवणारी मोटार शहराच्या हवेवर काही मोठा भार टाकणार नाही. तीस ते पन्नास वर्षांच्या मोटारींसाठी अशी मधली वारसा-श्रेणी केंद्राने निर्माण करावी. मूळ स्वरूप राखण्याची अट ठेवावी, ब्रेक आणि सुकाणू यांची काटेकोर तपासणी करावी, पण वर्षाचे किलोमीटर बांधून घेऊन शुल्क मात्र नाममात्र ठेवावे. नियम मोडणाऱ्याची सवलत काढून घ्यावी. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. २०२१ चा नियम ज्या अधिकारात झाला त्याच अधिकारात हेही करता येईल.

हात टिकले तर

राष्ट्राच्या आठवणी कधीकधी चाकांवरही असतात. जानेवारी १९४१ मध्ये नेताजी सुभाषचंद्र कोलकात्याच्या घरातून निसटले ते जर्मन बनावटीच्या ‘वाँडरर’ मोटारीतून. पुतण्या शिशिरकुमार यांनी ती गोमोह रेल्वे स्थानकापर्यंत चालवत नेली. ही मोटार अनेक दशके उभी होती. ती दुरुस्त करून १८ जानेवारी २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या उपस्थितीत पुन्हा लोकांसमोर आणण्यात आली. भारतीय रेल्वेनेही याबाबत दूरदृष्टी दाखवली. विजेची इंजिने देशभर धावू लागली तरी रेवाडीला वाफेच्या इंजिनांचे वारसा-आगार तिने चालते ठेवले आणि १८५५ मध्ये बांधलेल्या ‘फेअरी क्वीन’ने १९९७ नंतर पुन्हा पर्यटकांची गाडी ओढली. रेल्वेला हे जमले, कारण इंजिने तिची स्वतःची होती आणि बॉयलर जाणणारे कामगारही तिच्याच पगारावर होते. मोटारींची स्थिती तशी नाही. त्या लोकांच्या अंगणात आहेत आणि त्यांचे वैद्य रस्त्याकडेच्या टपरीत आहेत. सरकारने त्या स्वतः सांभाळाव्यात अशी अपेक्षाच नाही. सांभाळणाऱ्याच्या वाटेत त्याने उभे राहू नये, एवढे पुरे.

जतन म्हणजे लोखंड टिकवणे नव्हे, हे हिंदू समाजाला कोणी शिकवण्याची गरज नाही. पुरीच्या जगन्नाथाचे तीन प्रचंड रथ दरवर्षी नव्याने घडवले जातात. लाकूड दरवर्षी नवे असते आणि रथ मात्र शतकानुशतके तोच असतो, कारण तो घडवणाऱ्या महाराणा सुतारांच्या हातातले माप तेच आहे. ते हात थांबले असते तर एखादा जुना रथ काचेत ठेवून काय उपयोग झाला असता? मोटारीचे तसेच आहे. पत्रा गंजणार, रबर झिजणार, भाग बदलावे लागणार. टिकवायचे आहे ते उघडून पाहण्याचे, समजून घेण्याचे आणि पुन्हा चालू करण्याचे ज्ञान.

या ज्ञानाचा संबंध विजेच्या वाहनांशी नाही असे ज्यांना वाटते त्यांनी एप्रिल २०२५ आठवावा. चीनने दुर्मीळ मृदा-धातूंच्या चुंबकांची निर्यात आवळली आणि भारतातील विद्युत वाहनांच्या उद्योगाला घाम फुटला. तेलासाठी आखाताकडे पाहणारा देश चुंबकासाठी आणि बॅटरीसाठी बीजिंगकडे पाहू लागला, तर ती मुक्ती कसली? उद्या आजच्या विद्युत मोटारी पंधरा वर्षांच्या होतील. त्यांच्या बॅटऱ्या थकतील. त्या बनवणाऱ्या काही कंपन्या तोवर बंदही पडलेल्या असतील. तेव्हा त्या मोटारी भंगारात जाणार की कोणी त्यांचा बॅटरीसंच उघडून, निकामी घट बदलून त्या पुन्हा रस्त्यावर आणणार? ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ या विषयासाठी समिती नेमली आणि त्यात वाहनांचाही समावेश केला, हे शुभचिन्ह आहे. पण अधिकार कागदावर मिळून भागत नाही. तो बजावणारा मिस्त्री समाजात असावा लागतो. ज्या वस्तादाने परदेशी सुटा भाग नाही म्हणून फियाट कधी थांबू दिली नाही, त्याच्या मुलाला विजेची दोन वर्षांची विद्या मिळाली तर तो सीलबंद पेटीलाही घाबरणार नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी अशा वस्तादांना आठवड्यातून दोन दिवस मानधनावर बोलावले तर जुने आणि नवे एकाच बाकावर शिकता येईल.

मिस्त्र्याच्या टपरीत एक गोष्ट सर्वत्र दिसते. खंडेनवमीला पाने, जॅक आणि हातोड्या धुऊन, हळदकुंकू वाहून ओळीने मांडलेल्या असतात. दुरुस्तीला आलेल्या मोटारीलाही झेंडूची माळ असते. १७ सप्टेंबरला भारतीय मजदूर संघ विश्वकर्मा जयंती हाच राष्ट्रीय श्रमदिन म्हणून पाळतो. दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ मध्ये उभ्या केलेल्या या संघटनेने श्रमाला पूजेचे स्थान दिले. त्याच तिथीला २०२३ मध्ये केंद्राने ‘पीएम विश्वकर्मा’ योजना सुरू केली. कारागिराला प्रमाणपत्र, प्रशिक्षण, अवजारांसाठी साहाय्य आणि स्वस्त कर्ज देणारी ही उत्तम योजना आहे. तिच्या यादीत सुतार, लोहार, कुंभार, शिल्पकार, गवंडी, शिंपी, कुलूप बनवणारा, मासेमारीची जाळी विणणारा असे १८ व्यवसाय आहेत. मोटार दुरुस्त करणारा मिस्त्री, पत्रा ठोकणारा डेंटर आणि आसने शिवणारा कुशनवाला त्या यादीत नाहीत. यादी वाढवण्याची मागणी मजदूर संघाने आणि लघुउद्योगांच्या संघटनांनी येत्या विश्वकर्मा जयंतीपूर्वी मंत्रालयाकडे लेखी द्यावी आणि तिच्याखाली आपापल्या गावातील वस्तादांच्या सह्या घ्याव्यात.